दहा जानेवारीचा दिनविशेष कसा लिहावा (मुक्काम जयपूर)

दिनविशेष लिहिणे हे वर्तमानपत्रातले सर्वांत निरुपद्रवी काम समजले जाते आणि म्हणूनच ते नव्या माणसाच्या गळ्यात पडते. राशिभविष्य त्याहून जोखमीचे. तिथे रोज बारा राशींची मर्जी सांभाळावी लागते. दिनविशेषातली निम्मी माणसे वारलेली असतात आणि उरलेल्यांचा त्या दिवशी वाढदिवस असतो. दोन्ही प्रकारची माणसे तक्रार करत नाहीत.

प्रस्तुत मार्गदर्शिका अशा नवोदितांसाठी आहे. सरावाला तारीख घेतली आहे १० जानेवारी आणि गाव घेतले आहे जयपूर. पानिपत घेतले असते तर मराठी वाचकाला सगळे तोंडपाठ; शिकणाऱ्याच्या हाती काय लागणार? जयपूरला आपण सुट्टीत जातो, आमेरचा किल्ला, लाखेच्या बांगड्या, रजया असे उरकतो आणि परततो. तिथे आपलेही काही घडले आहे, याचा पत्ता नसतो. सरावाला असेच गाव बरे.

पहिली पायरी: साहित्य जमवणे

गेल्या वर्षीचा १० जानेवारीचा अंक काढावा आणि उतरवून घ्यावा. गेल्या वर्षीच्या उमेदवारानेही हेच केले होते. ही परंपरा मोडू नये.

तरी हौस असेलच तर या तारखेला माल भरपूर आहे. १८६३: लंडनमध्ये जगातील पहिली भुयारी रेल्वे प्रवाशांसाठी खुली. १९२०: राष्ट्रसंघ अस्तित्वात. १९४६: संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेचे पहिले अधिवेशन, लंडन. १९६६: भारत-पाकिस्तान यांच्यात ताश्कंद करार. १९७५: पहिले विश्व हिंदी संमेलन, नागपूर. जन्म: गायक येसुदास (१९४०), अभिनेता हृतिक रोशन (१९७४). आणि मराठी अंकात न चुकता: १७६०, बुराडी घाटावर दत्ताजी शिंदे यांना वीरमरण.

या नोंदींची घडण नीट पाहा. कुठेही क्रियापद नाही. अस्तित्वात, खुली, स्थापना, उद्घाटन, निधन. हे केवळ जागा वाचवण्यासाठी नसते. क्रियापद आले की कर्ता कोण हे विचारले जाते, कर्ता सापडला की त्याने तसे का केले हे विचारले जाते, आणि मग नोंद तीन ओळींत मावत नाही. क्रियापद टाळणे हा या विद्येचा पाया आहे. पुढच्या पायऱ्यांवर याचा उपयोग होईल.

दुसरी पायरी: तारखेच्या खोलात न शिरणे

नवशिक्याला वाटते की तारीख ही तरी पक्की असते. हा भ्रम दूर करण्यासाठी जयपूरहून चांगले गाव नाही.

हे शहर सवाई जयसिंगांनी वसवले. वेळेच्या बाबतीत हा राजा अतिशय काटेकोर. त्यांनी जंतरमंतरात सुमारे सत्तावीस मीटर उंचीचे सम्राट यंत्र बांधून घेतले. त्याच्या सावलीवरून दोन सेकंदांपर्यंत स्थानिक वेळ वाचता येते. त्यांच्या पदरी जगन्नाथ सम्राट हे महाराष्ट्रीय पंडित होते. त्यांनी युक्लिडची भूमिती अरबीवरून संस्कृतात आणली. युरोपात ग्रहगणित कसे करतात हे पाहायला राजाने पोर्तुगालला माणसे धाडली. ती फ्रेंच ज्योतिर्विद ला हायर याची कोष्टके घेऊन आली, तर जयसिंगांनी त्यात चंद्राच्या स्थानात अर्ध्या अंशाची चूक काढून दाखवली. असा माणूस.

आता त्यांच्या शहराचा वाढदिवस. तो १८ नोव्हेंबरला साजरा होतो, साल १७२७. मूळ नोंद आहे पौष वद्य प्रतिपदा, संवत १७८४. उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो, म्हणजे आपल्या पंचांगाप्रमाणे ही मार्गशीर्ष वद्य प्रतिपदा झाली. मार्गशीर्ष पौर्णिमेचा दुसरा दिवस. आज भिंतीवर टांगलेल्या कॅलेंडराच्या पद्धतीने हिशोब मागे नेला तर १७२७ मध्ये हा दिवस २९ नोव्हेंबरला येतो. १८ नोव्हेंबर ही तारीख जुन्या ज्युलियन पद्धतीची आहे. इंग्रज तेव्हा तीच पाळत, आणि आपल्याकडच्या तिथ्यांचे इंग्रजी तारखांत रूपांतर करणाऱ्यांनीही १७५२ पूर्वीच्या काळासाठी बहुधा तीच वापरली. अर्ध्या अंशाच्या चुकीवर फ्रेंचांना धारेवर धरणाऱ्या राजाच्या गावाला अकरा दिवस आधीच केक कापला जातो.

मराठी वाचकाने हसू नये. थोरले बाजीराव रावेरखेडीला वारले ती तिथी वैशाख शुद्ध त्रयोदशी, शके १६६२. तारीख म्हणून आपण २८ एप्रिल १७४० लावतो. तीही जुनीच. नव्या पद्धतीने ९ मे. दर २८ एप्रिलला मोबाइलवर जे अभिवादन फिरते, ते अकरा दिवस आगाऊ असते. शिवजयंतीचा प्रश्न या मार्गदर्शिकेच्या कक्षेबाहेर आहे. तो पुढच्या इयत्तेला, हेल्मेट घालून.

त्या काळात मुंबईकर इंग्रज आणि गोव्याचे पोर्तुगीज एकाच सकाळी उठत, पण त्यांच्या दप्तरांत अकरा दिवसांचा फरक असे. पोर्तुगालने नवी दिनदर्शिका १५८२ मध्येच घेतली होती; इंग्रजांनी ती घ्यायला १७५२ उजाडावे लागले. त्या वर्षी त्यांनी २ सप्टेंबरनंतर एकदम १४ सप्टेंबर मांडला. शिवाय तोवर इंग्लंडचे कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई. १७५१ हे वर्ष त्यांनी २५ मार्चला सुरू केले आणि ३१ डिसेंबरला आटोपले. म्हणजे इंग्लंडच्या सरकारी दप्तरात १० जानेवारी १७५१ हा दिवस कधी उगवलाच नाही.

हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

जाता जाता: तिथी की तारीख हा वाद फक्त आपल्याकडे आहे असे समजू नये. ३० मार्च १९४९ ला सरदार पटेलांनी जयपूरमध्ये बृहद् राजस्थानचे उद्घाटन केले, म्हणून ३० मार्च हा राजस्थान दिवस. त्या दिवशी चैत्र शुद्ध प्रतिपदा, म्हणजे आपला पाडवा होता. २०२५ मध्ये तिथल्या सरकारने हा दिवस यापुढे तिथीने साजरा करायचे जाहीर केले. त्या वर्षी पाडवा नेमका ३० मार्चलाच आला आणि निर्णयाच्या पहिल्याच वर्षी कोणालाही काही बदलावे लागले नाही. सरकारी निर्णयाला इतका अनुकूल मुहूर्त क्वचित मिळतो.

तिसरी पायरी: गाळण्याजोगी नोंद ओळखणे

दिनविशेषात काय घ्यावे हे कोणीही सांगेल. काय गाळावे यात खरे कसब आहे. सरावासाठी ही नोंद घ्या: १० जानेवारी १७५१, जयपूर.

मागची गोष्ट सांगावी लागेल. इथेच नवशिका घसरतो. जयसिंग १७४३ मध्ये वारले. गादीवर थोरला मुलगा ईश्वरीसिंग बसला. धाकटा माधोसिंग हा मेवाडच्या राजकन्येचा मुलगा, आणि मेवाडच्या मुलीच्या पोटचा मुलगाच गादीवर बसेल असा करार लग्नाच्या वेळी, १७०८ मध्ये, जयसिंगांनी केलेला. करार करताना थोरला मुलगा नव्हता, नंतर झाला. भाऊबंदकीला एवढे पुरते. महाराष्ट्रात याहून कमी भांडवलावर वाडे दुभंगले आहेत.

दोन्ही भावांनी मराठ्यांना हाका मारल्या आणि मराठ्यांनी दोघांनाही ओ दिली. मल्हारराव होळकर माधोसिंगाच्या बाजूला, शिंद्यांचा कल ईश्वरीसिंगाकडे. १७४७ च्या मार्चात राजमहालच्या लढाईत ईश्वरीसिंग जिंकला. त्या आनंदात त्याने शहरात सात मजली मनोरा उभारला. त्याला ईसरलाट किंवा सरगासूली म्हणतात आणि तो त्रिपोलिया बाजाराजवळ आजही उभा आहे. कोणा मुलीचे दर्शन व्हावे म्हणून तो बांधला असे गाईड सांगतात. पर्यटकाला लढाईपेक्षा हे पटकन पटते. पुढच्याच वर्षी बगरूला मल्हाररावांनी ईश्वरीसिंगाला नमवले. त्याने माधोसिंगाला परगणे आणि मराठ्यांना रोकड द्यायचे कबूल केले. परगणे कागदावर देता येतात. रोकड देता येईना.

बाकी थकली. ईश्वरीसिंगाने संशयाच्या भरात आपला कर्तबगार दिवाण केशवदास याला विष देऊन संपवले. म्हणजे हिशोब जुळवू शकला असता तो माणूसच गेला. १७५० च्या डिसेंबरात मल्हारराव वसुलीला जयपूरच्या दाराशी आले. ईश्वरीसिंगाने नाग मागवला, विष मागवले आणि जीव दिला. राण्यांनीही विष घेतले. कछवाहा राजांच्या छत्र्या गेटोरला एका रांगेत आहेत, त्यात याची नाही. ती वाड्यामागच्या जयनिवास बागेच्या बाजूला, तालकटोऱ्याजवळ एकटीच आहे.

माधोसिंग गादीवर आला. मराठ्यांनी बसवला म्हणून आला; त्याची किंमत द्यायची होती. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात जयाप्पा शिंदेही फौज घेऊन पोचले आणि मागणी रोख रकमेवरून राज्याच्या हिश्शापर्यंत चढली. राजा मेला, बाकी वसूल झाली नाही, वसुलीला एकाच्या जागी दोन सरदार झाले. जयपूरच्या माणसाच्या नजरेने ही यादी वाचून पाहा.

दहा तारखेला मराठी छावणीतले सुमारे चार हजार लोक शहरात होते. स्वार होते, पण बायका-मुले, ब्राह्मण, नोकरचाकरही होते. शहर जेमतेम तेवीस वर्षांचे. सरळ रस्ते, काटकोनात छेदणारे बाजार, नऊ चौकड्या, विद्याधर भट्टाचार्यांची आखणी. अशी वसाहत दख्खनच्या माणसाने कुठे पाहिलेली नव्हती. लोक पाहायला, देवदर्शनाला, खरेदीला आले होते. पर्यटकच म्हणा ना. दुपारी दरवाजे लागले आणि शहर त्यांच्यावर तुटून पडले. रात्री उशिरापर्यंत चालले. तीन हजारांच्या आसपास माणसे मारली गेली, हजारभर जखमी झाली. काहींनी तटावरून उड्या टाकल्या आणि हातपाय मोडून घेत छावणी गाठली. बाहेर खेड्यापाड्यांतही निरोपे आणि सुटी माणसे गाठून मारली गेली.

सूड वगैरे फारसा झाला नाही. वझीर सफदरजंगाने पठाणांविरुद्ध मदतीला बोलावले होते, तिकडे पैसा होता. फौजा दोआबाकडे निघून गेल्या.

आता ही नोंद का गाळायची ते समजून घ्या. मराठी अंकात ती घातली तर वाचक विचारणार, आपले लोक तिथे काय करत होते? उत्तर द्यायचे तर नाग आणि विषाच्या पेल्यापर्यंत मागे जावे लागते. जयपूरच्या अंकात घातली तर तिथला वाचक विचारणार, दरवाजे कोणी लावले? उत्तर द्यायचे तर पगडी बांधून 'पधारो' म्हणणाऱ्या शहराची अडचण होते. दोन्ही गावांना अवघडवणारी घटना कोणाच्याच दिनविशेषात बसत नाही. पराभव चालतो, पानिपताचे आपण सोने केले आहे. विजय तर चालतोच. जिथे मरणारे शूर ठरत नाहीत आणि मारणारे परके ठरत नाहीत, तिथे लेखणी थांबते.

याच्या शेजारी दत्ताजींची नोंद ठेवून पाहा. तीच १० जानेवारी, नऊ वर्षांनंतर. दत्ताजी म्हणजे जयपूरला आलेल्या त्याच जयाप्पांचे धाकटे भाऊ. जयाप्पा १७५५ मध्ये नागौरला वेढा घालून बसले असताना मारेकऱ्यांच्या हातून गेले. दत्ताजी बुराडीला यमुनेच्या पात्रात लढत पडले. एक घर, एक फौज, एक तारीख. दत्ताजींना दर वर्षी ओळ मिळते, त्यांच्या तोंडचे म्हणून सांगितले जाणारे वाक्य शाळेतल्या पोराला येते. बाजारहाट करताना मेलेल्यांच्या तोंडी कोणी वाक्य घातले नाही.

अर्थात काटेकोर माणूस इथे अडवील. दोन्ही तारखा १० जानेवारी दिसतात, पण १७६० ची नव्या पद्धतीची आहे. १७५१ ची तारीख जयपूरच्या वाढदिवसासारखीच जुन्या पद्धतीची असेल, तर आजच्या हिशोबाने ती २१ जानेवारी. म्हणजे या दोन घटना शेजारी लावण्याचा अधिकारच पंचांग काढून घेते. आणि इंग्लंडच्या दप्तरात तर तो दिवस नाहीच, हे वर सांगितले आहे. नोंद गाळायला आणखी काय सबब हवी?

चौथी पायरी: रंगसफेदी

समजा, सबबी असूनही नोंद घालायची ठरली. मग वर्णनात शहर गुलाबी करू नये. १७५१ मध्ये ते गुलाबी नव्हते. तो रंग महाराजा रामसिंगांच्या काळात, १८७६ मध्ये इंग्लंडचा युवराज येणार म्हणून चढला. हवामहलाच्या खिडक्यांतून कोणालाही डोकावू देऊ नये. तो १७९९ चा. नोंदीसोबत छायाचित्र मागतील तेव्हा मात्र हवामहलच छापला जाईल. त्याला इलाज नाही.

पाचवी पायरी: संक्रांत

१४ जानेवारीला पानिपत झाले आणि १४ जानेवारीला संक्रांत असते, म्हणून पानिपत संक्रांतीला झाले, हे गणित नवशिक्याने करू नये. जुने लेखकही करतात, पण त्यांना वयाची सूट आहे. १७६१ मध्ये पानिपतच्या दिवशी पौष शुद्ध अष्टमी होती. संक्रांत त्या काळी १० जानेवारीच्या सुमारास येई आणि सुमारे बहात्तर वर्षांत एक दिवस पुढे सरकत ती आज १४-१५ ला पोचली आहे. संक्रांतीला पडले ते दत्ताजी. जयपूरला १४ जानेवारीला गेलात तर अख्खे शहर गच्चीवर असते. पतंग, फेण्या, तिळाचे लाडू, आणि मांजा कापला की 'वो काटा' ची आरोळी. पानिपताची आठवण काढायला ही जागा नव्हे. माधोसिंग त्या युद्धात मराठ्यांच्या मदतीला आला नव्हता. दहा वर्षांपूर्वीचे दोघांच्याही लक्षात होते.

सहावी पायरी: वेळ

घटनेची वेळ देऊ नये. 'भर दुपारी' म्हणावे. बारा वाजता असे लिहिलेत तर जयपूरचा एखादा चिकित्सक कोणते बारा म्हणून विचारील. भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशाची, जयपूर पंचाहत्तर-शहात्तरच्या घरात. १० जानेवारीला सम्राट यंत्राच्या सावलीत बारा वाजतात तेव्हा मनगटावरचे घड्याळ साडेबाराच्या पुढे गेलेले असते. यंत्रापुढे उभे राहून गाईडही या फरकाची वजाबाकी करून दाखवतात आणि पर्यटक टाळ्या वाजवतात. १७५१ मध्ये दुसरी वेळच नव्हती, हा एक फायदा.

सातवी पायरी: आकडे

तीन हजार लिहिलेत तर 'सुमारे' लिहा. जखमींचा आकडा सोडून द्या, तो कोणी वाचत नाही.

शेवटची पायरी: मजकूर पानात बसवणे

मजकूर तयार झाला की तो जाहिरातीच्या तावडीत सापडतो. संध्याकाळी सातनंतर खालच्या कोपऱ्यात सोन्या-चांदीच्या दुकानाची जाहिरात येते आणि दिनविशेष चार ओळी कमी करायला सांगतात. हा कायम अनुभव आहे, त्यावर रागावू नये. त्याचा उपयोग करून घ्यावा.

पान लावणारा माणूस मजकूर खालून कापतो. त्याला इतिहासात रस नसतो, ओळी मोजायच्या असतात. नोंदी सालवार लावायचा रिवाज आहे, जुने वर, नवे खाली, वाढदिवस सर्वांत शेवटी. तेव्हा १७५१ ची नोंद घालायचीच असेल, तर ती पहिल्या ओळीत आपोआप बसते आणि तिथपर्यंत कात्री पोचत नाही. क्रियापद गाळावे: '१७५१: जयपूर शहरात सुमारे तीन हजार मराठ्यांची कत्तल.' कोणी केली, का केली, हे विचारायला वाव राहतो, पण जागा राहत नाही.

खाली हृतिक रोशन कापला जाईल. दुसऱ्या दिवशी त्याच्यासाठी फोन येतील. ते घ्यावेत, दिलगिरी व्यक्त करावी. १७५१ साठी एकही येणार नाही.